पन्नास शेंगदाणे

उद्यमनगरात दुसरी पाळी सुटली की
हिंदूराव सासने आधी रॉकेलनं हात धुवायचे,
मग साबणानं, मग वास घेऊन बघायचे,
आणि वर्कशॉपमागच्या बाकावर पट उघडायचे.
पुरा डाव कधीच नाही.
"सुरुवात कुणीबी करतंय गं. शेवट मांड."

पाचच सोंगट्या.
मला राजा, हत्ती, उंट.
त्यांना राजा आणि एक हत्ती, पितळेचा.
मूळचा काळा हरवला तेव्हा त्यांनीच लेथवर कातलेला,
बाकी सगळ्यांपेक्षा जड;
घरात ठेवला की ठक् नाही, ठण् वाजायचा.

शेजारी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर
मोजून पन्नास शेंगदाणे.
माझ्या प्रत्येक चालीला एक त्यांच्या तोंडात.
कागद रिकामा झाला की बरोबरी.
त्या वर्षी काकी आईला म्हणाल्या,
ह्यांचं रात्रीचं जेवण तुटलंय, तुमच्या पोरीमुळं.

माझ्याकडं एक उंट जास्त होता
आणि मला त्याचं काय करायचं कळत नव्हतं.
खरा उंट रंकाळ्यावर पोरांना फिरवायचा,
चांगला सरळ चालायचा तो.
हा तिरका. पांढऱ्या घरात उभा राहिला की
काळं घर त्याला मरेपर्यंत माहीत नाही.
"अर्धा पट आंधळा हाय त्यो," हिंदूराव म्हणायचे,
"ऱ्हायलेला अर्धा तू बघायचा, तुझ्या राजानं बघायचा."
आणि लांबून, दुसऱ्या टोकाकडून,
पितळी हत्ती माझ्या उंटाला राजासमोर खिळून ठेवायचा.
ठण्. एक शेंगदाणा.
ठण्. अजून एक.

मग एका रात्री,
गुऱ्हाळाचा वास वाऱ्यावर इथवर आलेला,
त्यांचा राजा पटाच्या कडेला गेला.
का गेला, मी विचारलं नाही.
माझा राजा समोर, मध्ये एक घर,
पाठीशी उंट,
हत्ती सातव्या रांगेत.
शह द्यायला हात शिवशिवत होता.

दिला नाही.
हत्ती त्याच रांगेत एक घर सरकवला,
नुसता. कशावरच नेम नाही.
आता हलायची पाळी त्यांची,
आणि त्यांचा हत्ती होता तिथंच बरा होता.
हलला. एक रांग खाली, वाईट जागी.
मी माझा हत्ती पटाच्या पार पलीकडं नेला,
आणि मग उंट मागं घेतला, दोन घरं, तिरका.

त्यांनी चावणं थांबवलं.

पुढचं जोडीनंच चाललं, त्यांनाही पाठ, मलाही.
मात झाली तेव्हा
कागदावर एकोणीस उरले होते.

(पुढं तीन वर्षांनी शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये
सांगलीच्या एका मुलानं माझ्यावर हेच मांडलं,
एकटा हत्ती माझा.
पंच वहीत चाली मोजत होता,
मला भाजक्या टरफलांचा वास येत होता.
पन्नासावी चाल झाल्यावर त्या मुलानं हात पुढं केला,
त्याची बोटं थंडगार होती.)

पण त्या रात्री.
शाबास म्हणाले नाहीत.
तोडल्या दोन बोटांचा हात तोंडावरून फिरवला,
पट गर्रकन फिरवला,
पितळी हत्ती माझ्या पुढ्यात आला.
"जिंकाया शिकलीस. आता हरायचं न्हाई, त्ये शिक.
त्याला लई दिस लागत्यात."

उचलला. पहिल्यांदाच उचलला मी तो.
त्यांच्या मुठीची ऊब होती त्याला
आणि तेलाचा थोडा वास, धुऊनही न गेलेला.

हिंदूरावांनी खिशातनं शेंगदाणे काढले,
एकोणिसांत भर घालायला लागले,
वीस, एकवीस, बावीस,
मोजता मोजता एक खाल्ला,
थांबले,
पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.